शेवटच्या घराचं पाणी

लातूर, २ एप्रिल २०१६

रजा मागायला गेलो तेव्हा बोलणी खावी लागतील अशी तयारी ठेवली होती. ऐन दुष्काळात पाणीपुरवठ्याचा माणूस रजेवर जातो म्हणजे काय! पण साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "जावा की मन्मथअप्पा. धरणात पाणी न्हाई, लाईनीत पाणी न्हाई. वॉल्व्ह फिरवून काय हवा सोडणार का?" सगळे हसले. मीही हसलो. येताना सायकलीला बांधलेली चावी मात्र उगाच जड वाटली.

चावी म्हणजे छातीएवढी लोखंडी सळई, वर आडवा दांडा. रस्त्याखालचा वॉल्व्ह तिनं फिरवायचा आणि गल्लीला पाणी सोडायचं, हीच माझी नोकरी. उन्हाळा लागायच्या आधीच लाईन कोरडी पडली, तेव्हापासून मी आणि माझा जोडीदार केरबा टँकरवर असतो. आमच्या भागातल्या शेवटच्या गल्लीत, चढावर, कोंडाबाईचं घर आहे. नळाचं पाणी तिच्याकडे सगळ्यांच्या मागून पोचतं आणि सगळ्यांच्या आधी जातं. तिची घागर भरल्याशिवाय मी आजवर वॉल्व्ह बंद केलेला नाही. टँकरलाही तोच नियम लावलाय. केरबाला बजावलं तर म्हणतो, "तुमची म्हातारी मी सांभाळतो अप्पा, तुम्ही समुद्र सांभाळा."

जायचं कारण लिहून ठेवतो. आमची पोरगी शिवगंगा दोन वर्षांपासून एका मोठ्या प्रवासी जहाजावर इंजिनियर आहे. सगळ्यात खालच्या पायरीची, पण इंजिनियर. कंपनी अधिकाऱ्यांच्या आईबापांना पाहुणे म्हणून जहाजावर बोलावते. तिनं दरवेळी बोलावलं, आम्ही दरवेळी टाळलं. या खेपेला मीच "येतो" म्हणालो, कारण एक निरोप न्यायचा आहे आणि तो फोनवर सांगण्यासारखा नाही.

माझी थोरली बहीण नागुबाई उदगीरला दिलेली. तिनं गंगासाठी स्थळ आणलंय. मुलगा तहसील कचेरीत, माणसं सज्जन, आपल्यातलीच. मुलाचे वडील अण्णाराव उदगीर जिल्हा व्हावा म्हणून जी कमिटी आहे तिच्यात आहेत. जिल्हा झाला की मुलगा कलेक्टर कचेरीत जाईल, असं चहा संपेपर्यंत दोनदा बोलले. त्यांची अट एकच. पोरीनं जहाज सोडायचं. गंगाचा करार या फेरीला संपतो. पुढं राहणार की नाही हे तिला फेरी संपायच्या आत सांगायचं असतं. त्याच्याआधी मी तिला विचारायचं, म्हणजे सांगायचंच, आणि सोबत घेऊन यायचं. बसवजयंतीला साखरपुडा.

गंगाची आई कमलम्मा दोन दिवस चटण्या कुटून राहिली आहे. जवसाची, कारळाची, शेंगदाण्याची. डब्यांनी अर्धी बॅग भरली. मी म्हणालो, "पोरगी आपल्यासंगं परत येणार हाय. एवढी चटणी खाणार कोण?"

"असू द्या. वाटंत भूक लागती."

वाटेत एवढी भूक कुणाला लागते, शिवालाच ठाऊक.

लास पाल्मास बंदर, ७ एप्रिल

तीन विमानं बदलून स्पेन देशाच्या या बेटावर पोचलो. आफ्रिकेच्या कडेला समुद्रात सात बेटं आहेत, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. जहाज त्यांच्याभोवती आठवडाभर फिरतं. लोक इथं नुसतं ऊन खायला येतात. हे ऐकून कमलम्मा म्हणाली, "मग लातूरला यायचं की. तिथं तर रांगबी न्हाई लावावी लागत."

जहाज बघून मान मागं टाकावी लागली. लातूरच्या गंजगोलाई बाजाराभोवतीची सगळी दुकानं एकावर एक रचली तरी एवढी उंची होणार नाही. एवढं लोखंड पाण्यावर उभं राहतं आणि डुलतसुद्धा नाही! आत शिरताना पहारेकऱ्यानं माझ्या गळ्यातल्या चांदीच्या डबीकडे बोट केलं. गंगानं त्याला सांगितलं की यात इष्टलिंग असतं, अप्पा ते कधी अंगावेगळं करत नाहीत. त्यानं शर्टाच्या आतला आपला क्रूस बाहेर काढून दाखवला आणि मला वाट दिली. धिप्पाड माणूस, पण किती समजूतदार.

गंगा पांढऱ्या शर्टात होती, खांद्यावर बारीक पट्टी. वाकून पाया पडली तेव्हा केसांना तेलाचा वास आला, खोबऱ्याच्या नव्हे, यंत्राच्या.

"बारीक झालीस," मी म्हणालो.

"जिने चढून, अप्पा." मग ती माझ्याकडे बघत उभी राहिली, मी पुढं काहीतरी बोलणार आहे अशी. मी विचारलं, "जेवलीस का?" ती एकदम मोकळी हसली. पोरगी थकलेली दिसते. सांगायला सबंध आठवडा आहे.

८ एप्रिल, पाडवा

आजची गंमत लिहू की नको असं वाटत होतं. पण पुढं जे कळलं ते यातूनच कळलं.

पहाटे डाव्या तळहातावर लिंग घेऊन गोल खिडकीसमोर पूजेला बसलो होतो. बाहेर सगळा समुद्र तांबडा. एवढं पाणी माझ्या आयुष्यात मी पाहिलं नव्हतं आणि पूजेला लागलं पळीभर, हा विचार मनात घोळत होता. आत न्हाणीत कमलम्माची खुडबुड चालू होती. पूजा उरकून बघतो तर दोन्ही पेले भरलेले, बर्फाची बादली भरलेली, थर्मास भरलेला, बेसिनला बूच लावून तेही काठोकाठ. कचऱ्याचा नवाकोरा डबा घासून त्यातही पाणी. केस झाकायची प्लास्टिकची टोपी होती, तिच्यात पाणी धरून, गाठ मारून खुंटीला टांगलेली.

"हे काय?"

"नळ आलाय तवर भरून घेते. परत कवा येतो कुणाला ठावं."

तेवढ्यात खोली आवरणारा फिलिपिनी माणूस आला. त्यानं टोपीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि पाऊल न वाजवता मागं सरला. थोड्या वेळानं निळ्या डगल्यातली गंगा पळत आली.

"अव्वा, हे काय करून ठेवलीस?"

"नळ आला होता."

"इथं नळ जात न्हाई गं."

"न्हाई जात?" कमलम्माला पटेना. "रातीबी?"

"रातीबी न्हाई."

"आणि उद्या?"

गंगा हसायला लागली आणि हसता हसता पलंगाच्या कडेवर बसली. मग आईचा ओला हात धरून म्हणाली, "अव्वा, जहाजावरलं पाणी माझ्याकडं हाय. मीच सोडते. मी नळ जाऊ देत न्हाई."

मी टॉवेल धरून तसाच उभा. पोरगी इंजिनियर आहे म्हणजे जहाज चालवायचं मशीन बघत असणार, असं मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो. तिनं फोनवर "पाणी, पाणी" म्हटलेलं मला आठवतं, पण मला वाटायचं समुद्राविषयी बोलते. आता तिनं नीट सांगितलं. समुद्राचं खारं पाणी आत ओढून तापवायचं, वाफ करायची, वाफ थंड केली की गोडं पाणी. आधणावरच्या झाकणाला थेंब धरतात तसंच. मीठ मागं राहतं. या जहाजावरची तीन हजार माणसं तेच पाणी पितात, त्यानंच आंघोळी करतात. वॉल्व्हमनच्या पोरीनं समुद्राला नळ लावला!

कमलम्मानं भरलेलं पाणी ओतू दिलं नाही. दिवसभर तेच वापरलं. संध्याकाळी बघतो तर त्या फिलिपिनी माणसानं टेबलावर पाण्याचा पेला भरून वर बशी झाकून ठेवलेली. आमच्याकडं पाणी असं भरून झाकून ठेवतात हे त्याला कुणी सांगितलं असेल?

रात्रीच्या जेवणाला निरोप सांगायचं ठरवलं होतं. कमलम्मा म्हणाली, "सण हाय आज. सणाला असलं काही काढायचं न्हाई." पटलं.

लांझारोटे बेट, ९ एप्रिल

गंगाला दुपारपर्यंत सुट्टी होती. तिघं बसनं हे बेट बघायला गेलो.

असं काही बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मैलच्या मैल काळी राख आणि काळा दगड, मध्ये तांबडे डोंगर, झाड म्हणून नाही. तीनशे वर्षांमागं इथं जमीन फाटून आग वर आली आणि सहा वर्षं येत राहिली. गावंच्या गावं गाडली गेली. आणि तरी जागा सुंदर आहे. उजाड जागा इतकी सुंदर कशी असते हे मला नीट लिहिता येत नाही. देवानं घर सारवून ठेवलंय आणि अजून कुणी आत पाऊल टाकलेलं नाही, असं वाटतं.

डोंगराच्या पोटात अजून धग आहे. ते दाखवायला एका माणसानं जमिनीत पुरलेल्या पाइपात बादलीभर पाणी ओतलं. क्षणभर काही नाही. मग धडाम करून वाफेचा खांब उठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या थांबता थांबता कमलम्माचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"आख्खी बादली!"

एका गोऱ्या बाईनं गंगाला अर्थ विचारला. गंगानं सांगितला, आणि आमच्याकडे प्यायला पाणी नाही हेही सांगितलं असावं, कारण आजूबाजूचे गप्प झाले. बादलीवाला मात्र कमलम्माजवळ आला, टोपी काढली आणि काहीतरी म्हणाला. गंगानं सांगितलं, "म्हणतो, माझ्या आज्यानंबी मला या बादलीपायी मुस्काटात मारली असती." इथं नदी नाही, पाऊस नावाला. जुन्या काळी हौदात साठवलेल्या पावसावर वर्ष काढायचे. हौद आटला की माणसं जहाजात बसून परमुलखाला जायची. कमलम्मा त्याला मराठीतच म्हणाली, "मग दादा, अर्धीच वतत जा." तो हसून मान हलवत राहिला.

पुढं द्राक्षाचे वेल बघितले. राखेत घमेल्याच्या आकाराचे खोल खड्डे, प्रत्येक खड्ड्यात एकच वेल, आणि वाऱ्याच्या बाजूनं गुडघाभर उंचीची दगडाची अर्धगोल भिंत. पाणी द्यायचं नाही. रात्री पडणारं दव राख पिऊन घेते आणि दिवसा वेलाला देते. एका वेलासाठी एक भिंत रचणारी माणसं कोण असतील! मी त्यांना मनातल्या मनात हात जोडले.

मी एक दगड उचलून बघितला. आमच्या गावच्या विहिरीत लागायचा तोच, काळा, बारीक भोकांचा. गंगा म्हणाली, "आपली काळी जमीन असल्याच आगीतनं झाली अप्पा, लई लई जुन्या काळी." म्हणजे हा दगड आपल्या दगडाचा नातूच की. परमुलखात कुणीतरी नात्यातलं भेटल्यासारखं झालं.

तिथंच भिंतीवर टेकून मी विषय काढला. "गंगा, नागुआत्या म्हणत होती—"

"अहो, पाणी द्या आधी," कमलम्मा म्हणाली. "घसा पार सुकला."

मी बाटली शोधून राहिलो तोवर बसनं हॉर्न दिला. बाटल्या दोन्ही तिच्याच मांडीवर होत्या. वयानं कमलम्मा विसरभोळी व्हायला लागली, काळजी वाटते.

समुद्रात, १० एप्रिल

आज गंगानं वरिष्ठांची परवानगी काढून आम्हाला खाली यंत्रात नेलं. कमलम्मा जिन्यावरूनच परतली, उकाडा सोसेना. मी गेलो.

एवढी स्वच्छता मी आमच्या देवघरात पाहिली नाही. नळ्याच नळ्या, प्रत्येक पाण्याच्या नळीचा रंग वेगळा. गोड्या पाण्याच्या नळ्या निळ्या आणि त्यांच्यावर छोटी निळी चाकं. वॉल्व्हच ते! पाच बोटांत मावणारे. माझा हात आपसूक पुढं झाला आणि मी मागं घेतला. दुसऱ्याच्या लाईनला हात लावायचा नाही, हा आमच्यातला नियम.

गंगा माझ्यापुढं चालत होती. मध्येच एका पंपाशी थांबली, कमरेचा लांब पेचकस काढला, त्याचं टोक पंपावर टेकवलं, मुठीकडची बाजू कानाला लावली आणि डोळे मिटले.

तिचा साहेब म्हातारा ग्रीक आहे, मिशा तंबाखूनं पिवळ्या झालेल्या. तो माझ्या कानाशी काहीतरी ओरडला, तिच्याकडे बोट केलं, आपला कान धरून दाखवला आणि अंगठा वर केला. मी गंगाला विचारलं, काय म्हणतात? ती म्हणाली, "काही न्हाई, उगंच." आणि लाजली.

मग ती माझ्या कानाशी आली. "अप्पा, हे तुमचंच हाय. तुम्ही चावी वॉल्व्हवर ठेवून मला दांड्याला कान लावायला सांगायचात. म्हणायचात, पाणी यायच्या आधी चावी गुणगुणते."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. पाच-सहा वर्षांची होती, आईला ताप आला की मी तिला सायकलच्या दांडीवर बसवून कामावर न्यायचो. गप्प बसावी म्हणून तो खेळ काढला होता. खेळच होता तो.

तिनं पेचकस माझ्या हातात दिला. मी कान लावला. आत एकसारखा, भरलेला आवाज, कुठं खरखर नाही, कुठं हिसका नाही. नळाला पूर्ण दाबानं पाणी असलं की लाईन अशी बोलते. वर्षभर हा आवाज ऐकला नव्हता. माझे डोळे मिटले ते तसेच राहिले. शिवनामाला मिटतात तसे.

"बराबर हाय का अप्पा?" ती ओरडून विचारत होती.

आता सांगावं असं एकदा वाटलं. जवळ कुणी नव्हतं. पण मी म्हणालो, "बराबर हाय. एकदम बराबर."

तिनं बाहीनं डोळे पुसले. खाली फारच उकाडा आहे.

वर येऊन विचार करत बसलो. आपल्यात कामालाच पूजा मानतात, लहानपणापासून ऐकत आलो. पूजेतून कुणाला हाक मारून उठवत नाहीत. पण पोरीचं लग्न वेळेवर करणं हेही बापाचं कामच आहे. अण्णारावांचं घर चांगलं आहे. मन एका जागी राहत नाही.

ला पाल्मा बेट, ११ एप्रिल

हे बेट हिरवं. डोंगरावर ढग अडतात आणि देवदाराच्या लांब काड्यांवर त्यांचे थेंब होतात. झाडाखाली पाऊस आणि चार पावलं बाहेर कोरडं. पाऊस न पडता झाड पाणी मिळवतं! मी झाडाखाली टोपी काढून उभा राहिलो. कमलम्मानं दोन्ही तळहात धरले. भरायला बराच वेळ लागला, पण ती हलली नाही. मग ते पाणी झाडाच्याच बुंध्याला घातलं.

आज काही बोललो नाही. बोलावंसं वाटलं नाही.

तेनेरिफे बेट, १२ एप्रिल

पहाटे डेकवर गेलो तर ढगांच्याही वर, आभाळात, डोंगराचं नुसतं टोक, त्यावर बर्फाची रेघ. खालचं बेट अजून अंधारात. पोटात आग आणि माथ्यावर बर्फ असलेला तो डोंगर इतका शांत दिसला की मी लिंग हातात घेऊन तिथंच, लोकांसमोर, पूजा केली. कुणी हसलं नाही.

गंगाची ड्युटी दुपारनंतर होती. बंदरात बाकावर तिघं बसलो आणि तिच्या फोनवरून केरबाला लावला.

"अप्पा! रेल्वेनं पाणी आलं बघा! पहाटं. मिरजेहून. स्टेशनावर ही गर्दी, हार काय, नारळ काय. आगगाडीला पाण्यासाठी हार घातलेला मी तर पहिल्यांदा बघितला."

ऐकून बरं वाटलं. तरी विचारलं, "कोंडाबाई?"

केरबा म्हणाला, "म्हातारीचं काय इचारताव. काल टँकर घेऊन गेलो, तर मागल्या गल्लीतली माणसं बोंबलायला लागली. पाइप काढावा लागला. घागर अर्धीच राहिली. शिव्या दिल्या मला. म्हणली, मन्मथ असता तर थांबला असता. अर्धी घागर डोक्यावर घेतली की हिंदकळती, भरली असली की गप राहती, इतकंबी कळत न्हाई का तुला, म्हणली."

फोन ठेवला. केरबावर राग आला नाही, माणसं बोंबलतात तेव्हा थांबणं सोपं नसतं. पण ती अर्धी घागर डोळ्यासमोरून हलेना. समोर समुद्र चमकत होता. मी गंगाला विचारलं, "तुझं किती राहिलं?"

"चारला ड्युटी हाय अप्पा."

"तसं न्हाई. सगळं. तुझी घागर भरायला."

ती समुद्राकडे बघत म्हणाली, "वरची परीक्षा राहिली. ती झाली की जहाजाचं पाण्याचं सगळं काम माझ्या हाताखाली येईल. तवर मधी सोडलं तर सगळं अर्धंच राहील अप्पा. लग्नाला मी न्हाई म्हणत न्हाई. पण उदगीरवाल्यांनी थांबायला पाहिजे. थांबत नसतील तर दुसरं बघू."

उदगीरचं तिला कसं कळलं हे मला समजेना. नागुअक्कानंच न राहवून फोन केला असणार. तिचा स्वभावच तसा. मी कमलम्माकडे बघितलं. ती बंदरातल्या बगळ्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यांना पोळीचा तुकडा टाकून राहिली होती.

"तुझी इच्छा हाय ना पण?" मी विचारलं. हेच पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं.

"हाव अप्पा," ती म्हणाली. "लई."

तेवढ्यात नागुअक्काचा फोन आला. अक्काचा आवाज इतका मोठा की फोन कानाला लावावाच लागत नाही.

"मन्मथ! अण्णाराव आज सकाळधरनं दोनदा येऊन गेले. पोरीला विचारलास का?"

"आत्ताच विचारलं अक्का."

"आत्ता? मग आठवडाभर तिथं काय करून राहिलास?"

"पाणी बघून राहिलो."

"पाणी बघाया एवढ्या लांब गेलास? बरं, काय म्हणते?"

"पोरगी चालू लाईनीवर हाय. मधीच वॉल्व्ह बंद करता येत न्हाई. थांबत असले तर तिचं पुरं होस्तवर थांबा म्हण. न्हाईतर दुसरी पोरगी बघा म्हण. आपला राग न्हाई."

"अरे पण उदगीर जिल्हा होणार हाय!"

"होऊ दे की अक्का. चांगलंच हाय."

"तुला पोरीला घेऊन याया धाडलं होतं का तिथंच सोडून याया?" तिचा आवाज घोगरा झाला. "जनात माझं नाक कापलं जाईल, याचा इचार केलास?"

केला होता. तसं सांगितलं. तिनं फोन ठेवला. अक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलंय. तिला दुखवून मी आनंदात आहे असं नाही.

गंगा उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि लहानपणी दांडीवर बसायची तशी पाठ माझ्या छातीला टेकवली. थोडा वेळच. कामाचा पट्टीवाला शर्ट होता ना अंगावर.

लास पाल्मास, १४ एप्रिल

गंगानं काल कंपनीला होकार कळवला. आज आम्ही उतरलो. ग्रीक साहेबांनी दोन्ही हातांनी माझा हात दाबला. फिलिपिनी माणसानं कमलम्माला ती प्लास्टिकची टोपी घडी करून भेट दिली. दोघंही खूप हसले.

निघताना कमलम्मानं बॅग उघडली आणि चटण्यांचे सगळे डबे गंगाच्या हवाली केले. ते सहा महिने सहज पुरतील. बरं झालं, वाटेत आम्हाला भूक लागली नाही आणि डबे जसेच्या तसे राहिले. ठरवलेलं नसताना या बाईच्या हातून कधी कधी कसं नेमकं जमून जातं, याचं मला नवल वाटतं.

लातूर, २ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी वही काढली. मधल्या काळात लिहिण्यासारखं फारसं नव्हतं. टँकर होता, काम होतं. अण्णारावांनी मुलासाठी औशाची मुलगी केली. आम्हाला पत्रिका होती, जाऊन जेवून आलो. उदगीर अजून जिल्हा झालेला नाही. नागुअक्का राखीला आली नाही, राखी मात्र पोस्टानं आली. गंगाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

यंदा मांजरा धरण भरलं. आज लाईन चालू करायचा हुकूम आला. चावीचा गंज काल घासून काढला होता. पहाटे चावी वॉल्व्हवर बसवली, फिरवायच्या आधी आजूबाजूला कुणी नाही असं बघून दांड्याला कान लावला. मोठ्या लाईनीत पाणी येऊन थांबलं होतं. चावी गुणगुणत होती.

पाणी सोडलं. गल्लोगल्ली पोरं नाचली, हंडे वाजले. सायकल घेऊन शेवटच्या घरी गेलो. कोंडाबाई नळाखाली घागर ठेवून उंबऱ्यावर बसली होती. नळातून आधी हवा आली, मग गढूळ, मग बारीक धार.

"पोरगी आणली न्हाईस म्हणं," ती म्हणाली. सहा महिने टँकरवर भेटते, पण हे आज विचारलं.

"न्हाई आणली. तिची ड्युटी हाय."

"काय करती एवढ्या लांब?"

"पाणी सोडते."

म्हातारीनं घागरीत बोट घालून पाणी कुठवर आलं ते बघितलं. "शेवटपर्यंत थांबती का? का केरबावानी?"

"थांबते," मी म्हणालो, आणि सायकल भिंतीला लावून तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो. घागर अजून गळ्यापर्यंत यायची होती.